दर दोन तासांनी बंद पडणारा पीसी

१५ फेब्रुवारी २०१०पासून तुमच्यापैकी अनेकांच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात एक सूचना यायला लागली होती. तेव्हा तुमच्या पीसीवर 'विंडोज सेव्हन'ची ट्रायल आवृत्ती असेल, जिला 'रिलीज कँडिडेट' किंवा नुसतंच 'आरसी' म्हणतात, तर तुम्ही ती पाहिली असणार. आणि आपल्या सगळ्यांच्या सवयीप्रमाणे तिच्यावरची फुली दाबून परत ऑर्कुट उघडलं असणार.

फुली दाबली, हरकत नाही. पण एकदा ती सूचना वाचायला हवी होती. ती म्हणत होती, तुमच्या विंडोजची मुदत संपत आलीय.

पुढचं वेळापत्रक मायक्रोसॉफ्टने आधीच सांगून ठेवलं होतं. १ मार्च २०१०पासून आरसी असलेला पीसी दर दोन तासांनी आपोआप बंद होणार होता. बंद होताना तुमचं काम सेव्ह करणार नव्हता. १ जून २०१०ला मुदत पूर्ण संपणार होती. त्यानंतरही दोन-दोन तासांनी बंद पडणं चालूच राहणार होतं, शिवाय डेस्कटॉप काळाकुट्ट होणार होता आणि ही विंडोज 'जेन्युइन' नाही असा मजकूर तिथे कायमचा मुक्काम ठोकणार होता.

१ मार्चला धुळवड होती. त्या दिवशी पीसीकडे बघायला वेळ कुणाला? पण दुसऱ्या दिवशी, २ मार्चला, तुम्ही 'ब्लॅक बुक'चा चौथा चॅप्टर टाइप करायला बसला असता. गाइड सरांनी चार वेळा लाल पेनने खुणा करून परत दिलेला. आकृत्या लागल्या, पानांचे नंबर लागले, आणि पीसी गप्पकन बंद. आधीच आपल्याकडे लोडशेडिंग होतं. पण त्याचं वेळापत्रक निदान पेपरात छापून तरी यायचं!

१ मार्चच्या आधी हातात दोन शनिवार-रविवार होते. तेवढ्यात हे काम होण्यासारखं होतं. नंतर करू म्हटलं असतं तर मग बैल गेला नि झोपा केला.

फुकट मिळालं होतं, पण का?

कट्ट्यावर हा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली. "आधी फुकट दिलं, सवय लावली, आणि आता बंद करतायत. फसवणूकच आहे ही!"

राग समजू शकतो, पण फसवणूक म्हणता येणार नाही. आरसी ५ मे २००९ रोजी सगळ्यांसाठी खुली झाली तेव्हाच तिची शेवटची तारीखही जाहीर झाली होती. आपण 'आय अ‍ॅग्री'वर क्लिक करताना ती वाचली नाही, एवढंच.

पण मग कुठलीही कंपनी आपला सगळ्यात महत्त्वाचा माल महिनोन् महिने फुकट का वापरू देते? कारण तिलाही आपली गरज असते. कुणाकडे पाच वर्षं जुना मदरबोर्ड, कुणाकडे असेम्बल केलेला पीसी, कुणाकडे कुठलाच ड्रायव्हर धड न चालणारा वेबकॅम. इतक्या प्रकारच्या मशिन्स एका लॅबमध्ये गोळा करणं अशक्य. २००७च्या जानेवारीत बाजारात आलेल्या 'व्हिस्टा'च्या वेळी ड्रायव्हरच्या भानगडींमुळे लोक वैतागले होते आणि आपल्यातल्या बहुतेकांनी एक्सपी सोडलीच नव्हती. त्यामुळे सेव्हनच्या वेळी जगभरातल्या लोकांना म्हटलं गेलं, घ्या, वापरा, कुठे अडतं ते सांगा. जानेवारी २००९मध्ये बीटा आली तेव्हा आधी २५ लाख डाउनलोडची मर्यादा होती. मागणी एवढी आली, की ती मर्यादा काढून टाकावी लागली.

त्या बीटाच्या डेस्कटॉपवर एक मासा होता, आठवतोय? तो 'बेट्टा' जातीचा मासा. बीटावर बेट्टा. त्या आवृत्तीत खिडक्यांच्या वरच्या पट्टीवरच अभिप्राय पाठवायची लिंक होती, म्हणजे चूक दिसली की तिथल्या तिथे कळवायची.

आणि कळवण्याचा उपयोगही झाला. बीटामधल्या 'यूएसी'त, म्हणजे पीसीत महत्त्वाचा बदल करण्याआधी परवानगी विचारणाऱ्या सोयीत, एक पळवाट होती. एखादा प्रोग्रॅम ती सोय गुपचूप बंद करू शकत होता आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नव्हता. दोन ब्लॉगर्सनी हे दाखवून दिलं. कंपनीने आधी 'ते असंच ठरवून केलंय' असं उत्तर दिलं. ओरड वाढली, आणि फेब्रुवारी २००९मध्ये कंपनीने माघार घेऊन आरसीत तो बदल केला. तेव्हा दुकानात आलेली विंडोज सेव्हन जरा जास्त सुरक्षित होती, त्यात ट्रायल वापरून तक्रार करणाऱ्यांचा वाटा होता.

दुसरी बाजूही बघा. त्याच बीटामध्ये अशी एक चूक होती, की मीडिया प्लेअरमुळे एमपीथ्री गाण्यांचे सुरुवातीचे काही सेकंद कायमचे कापले जाऊ शकत होते. दुरुस्ती लगेच आली, पण ज्यांनी ती टाकली नाही त्यांनी आपली गाणी पणाला लावली. ट्रायल वापरणं म्हणजे हा धोका पत्करणं.

म्हणजे हिशेब बरोबरीचा झाला. त्यांनी नवी सिस्टिम वापरायला दिली, आपण आपला पीसी आणि वेळ तपासणीसाठी दिला. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. प्रश्न आता पुढचा आहे.

वरच्यावर फायनल टाकली तर?

फायनल आवृत्ती कंपनीकडून तयार होऊन बाहेर पडली २२ जुलै २००९ला आणि दुकानांत आली २२ ऑक्टोबरला. आरसीचा बिल्ड नंबर ७१००, फायनलचा ७६००. मधल्या काळात आतून बरंच काही बदललं.

बऱ्याच जणांना वाटायचं, फायनलची डीव्हीडी घालायची, 'अपग्रेड' दाबायचं, झालं. तसं होत नव्हतं. आरसीवर फायनलचं अपग्रेड सुरू करायला गेलात तर सेटअप नकार देतो. डीव्हीडीतल्या एका फाइलमधला आकडा बदलून त्याला चकवण्याची युक्ती हॉस्टेलमध्ये फिरत होती, हे आम्हालाही माहीत होतं. ती चालायचीही. पण कंपनीनेच हा रस्ता वापरू नका असं सांगितलं होतं, आणि त्याला कारण होतं. अर्धवट तयार असताना पीसीत शिरलेल्या फाइल्स आणि सेटिंग्ज तशाच मागे राहतात. उद्या काही बिघडलं तर चूक फायनलची की ट्रायलच्या उरलेल्या कचऱ्याची, हे तुम्हाला काय, कुणालाच सांगता येणार नाही. नव्या घरात राहायला जाताना जुन्या घराची ओल घेऊन जाऊ नये.

तेव्हा 'कस्टम' हा पर्याय निवडायचा आणि नव्याने विंडोज मारायची. पार्टिशन फॉरमॅट केलं नाही तर जुन्या फाइल्स 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात, हा एक दिलासा. पण प्रोग्रॅम सगळे पुन्हा टाकावे लागतात.

हे असंच असावं लागतं असंही नाही. उबुंटूमध्ये बीटा वापरणारा माणूस रोजचे अपडेट घेत राहतो आणि रिलीजच्या दिवशी त्याच्याकडे आपसूक फायनल असते. फॉरमॅट नाही की धावपळ नाही. तिथे सिस्टिम फुकटच असल्यामुळे ट्रायलला टाळं लावायची गरजच पडत नाही. ट्रायल कशी संपते हे ती बनवणारा ठरवतो, म्हणून पुढच्या वेळी कुठलीही बीटा टाकण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा, की यातून बाहेर कसं पडायचं?

आपलं काय, उसनं काय?

आरसी उसनी होती. पण तिच्यावर बसून तुम्ही केलेलं काम तुमचं आहे. प्रोजेक्टचा कोड, जर्नल, सेमिनारची स्लाइड, ट्रेकचे फोटो, आजीचा रेकॉर्ड केलेला आवाज. गडबड होते ती हे दोन्ही एकाच सी ड्राइव्हमध्ये, आणि त्यातही डेस्कटॉपवर, एकमेकांत मिसळून ठेवल्यामुळे. उसनं परत करायची वेळ आली की आपलंही त्याच्याबरोबर जातं.

म्हणून आधी वेगळं काढायला बसा.

डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तीन फोल्डर आधी बघा. सगळ्यात जास्त सामान तिथेच असतं. ते पेनड्राइव्हवर किंवा डीव्हीडीवर घ्या आणि मित्राच्या पीसीवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडतेच असं नाही. डी ड्राइव्हला सेटअप हात लावत नाही हे खरं, पण रात्री दोन वाजता झोपेत चुकीचं पार्टिशन फॉरमॅट करणारे महाभाग प्रत्येक वर्गात एक-दोन असतात. तेव्हा डीमधलं महत्त्वाचंही घ्या.

मराठीत टाइप केलेलं काही असेल तर फॉन्टही बरोबर घ्या. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या पीसीवर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. मंडळाचा अहवाल, एकांकिकेची संहिता अशी वाया गेलेली पाहिलीय.

ब्राउझरमधले बुकमार्क एक्स्पोर्ट करून ठेवा. 'विंडोज इझी ट्रान्सफर' ही सोय सेव्हनमध्येच होती. ती फाइल्स आणि सेटिंग्ज उचलून नव्या विंडोजमध्ये न्यायची, प्रोग्रॅम मात्र नेत नसे. त्यामुळे कुठले प्रोग्रॅम टाकलेत त्याची यादी कागदावर लिहा. हो, कागदावरच. पीसी बंद असताना पीसीतली यादी काय कामाची?

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. नाहीतर बाकीचे ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेट चालायला ड्रायव्हर हवा, अशी गंमत होते.

आणि हे खास कम्प्युटरवाल्यांसाठी. विंडोज सेव्हनची फायनल घेताना ३२ बिट की ६४ बिट, हे विचार करून ठरवावं लागायचं. तेव्हाच्या सिलॅबसमधलं लाडकं टर्बो सी हा १६ बिटचा प्रोग्रॅम आहे आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम थेट चालतच नाहीत. त्यासाठी 'डॉसबॉक्स' टाकावं लागतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

रस्ते तीन, आणि एक चोरवाट

सामान बांधून झालं. आता जायचं कुठे?

पहिला रस्ता, फायनल विकत घेणं. जमलं तर उत्तमच होतं. पीसीबरोबर आलेली एक्सपी किंवा व्हिस्टा अधिकृत असेल तर स्वस्तातली 'अपग्रेड' आवृत्ती घेता यायची. नुसती आरसी असेल तर तो हक्क मिळत नव्हता, हे दुकानात जाण्याआधी लक्षात ठेवायला हवं होतं. इंजिनीअरिंग आणि कम्प्युटर सायन्सच्या मुलांनी खिशात हात घालण्याआधी विभागप्रमुखांना विचारायला हवं होतं, आपल्याकडे 'एमएसडीएन अ‍ॅकॅडमिक अलायन्स'चं सदस्यत्व आहे का? ज्या विभागांनी ते घेतलेलं असायचं, त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी विंडोज आणि व्हिज्युअल स्टुडिओसारखी सॉफ्टवेअर अधिकृतपणे मिळायची. अनेक ठिकाणी सदस्यत्व असायचं आणि मुलांना ते कुणी सांगितलेलंच नसायचं.

दुसरा रस्ता, मागे फिरणं. घरी एक्सपीची अधिकृत सीडी असेल तर तेव्हा परत एक्सपी टाकता येत होती. त्यात कमीपणा काही नव्हता. सुरक्षेचे अपडेट एप्रिल २०१४पर्यंत मिळणार होते. सेव्हनला किमान १ जीबी रॅम लागते. तुमचा पीसी ५१२ एमबीवर धापा टाकत असेल, तर एक्सपीवर तो जास्त सुखात राहिला असता.

तिसरा रस्ता, उबुंटू किंवा दुसरं एखादं लिनक्स. ऑक्टोबर २००९मध्ये आलेली ९.१० तेव्हा होती, आणि एप्रिल २०१०मध्ये १०.०४ येणार होती. ती दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती होती. सीडीवरून सुरू करून, पीसीवर काहीही न टाकता वापरून बघता यायची. सी, जावा, ओपन ऑफिस, सगळं चालायचं. आवडली तर ठेवा, आणि तीच सीडी बिनधास्त मित्राला द्या. इथे ते कायदेशीर आहे.

आणि चौथी चोरवाट. तिच्याबद्दल न बोलता लेख संपवला तर तुम्हीच हसाल आम्हाला. स्टेशनबाहेरची क्रॅक केलेली डीव्हीडी. "शंभर रुपयांत दादा विंडोज मारून देतो, अ‍ॅक्टिव्हेशनसकट."

कायदा सांगू? कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम ६३ ब. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. पण यावर तुम्ही काय म्हणणार तेही ठाऊक आहे. "होस्टेलवर कोण येतंय बघायला?" येत नाही कुणी, मान्य. मग व्यवहाराचं बोलू. क्रॅक म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम, ज्याला तुम्ही तुमच्या पीसीच्या सगळ्या किल्ल्या दिल्या. त्यावरून तुम्ही उद्या बाबांच्या खात्याचं नेट बँकिंग उघडणार. शिवाय मायक्रोसॉफ्टने ११ फेब्रुवारी २०१०ला जाहीर केलं होतं, की सत्तरहून जास्त प्रकारचे क्रॅक ओळखणारं अपडेट येतंय. म्हणजे पैसे वाचवून तुम्ही पुन्हा मुदत संपणारीच विंडोज घेत होतात. फरक एवढाच, की आरसीने तारीख आधी सांगितली होती, ही सांगणार नव्हती.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. तुमच्यापैकी अनेक जण दोन-तीन वर्षांत सॉफ्टवेअर लिहून पोट भरणार आहात. ज्या कामाचे पैसे उद्या आपल्याला मिळावेत असं वाटतं, त्याच कामाची आज चोरी करायची, हे गणित जुळत नाही. महाग वाटतं ना? वाटणारच, विद्यार्थ्याच्या खिशाला ते महाग आहेच. त्यावर उत्तर म्हणून फुकट आणि अधिकृत असे दोन रस्ते वर सांगितलेत. महाग आहे म्हणून नाही घेतलं, याला स्वाभिमान म्हणतात. महाग आहे म्हणून ढापलं, याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा.

फायनल म्हणजे शेवट नाही

एक गैरसमज जाता जाता दूर करू. फायनल म्हणजे निर्दोष नव्हे. तिच्यातही चुका सापडतात आणि त्या दुरुस्त करणारे अपडेट येत राहतात. फायनलमध्ये मिळते ती जबाबदारी. बिघडलं तर दुरुस्ती देऊ, आणि अमुक तारखेला तुमच्या हातातलं काम अर्धवट टाकून निघून जाणार नाही, असा कुणीतरी दिलेला शब्द.

दोस्तांनो, नवीन काही ट्रायलवर वापरून बघायची हौस मात्र सोडू नका. बीटा टाकणारी, तिच्यातल्या चुका शोधून कळवणारी मुलं आम्हाला आवडतात. एखादी सिस्टिम आतून कशी चालते हे पुस्तकापेक्षा ती बिघडल्यावर जास्त कळतं. फक्त दोन गोष्टी पाळा. ट्रायलवर आपलं एकुलतं एक काम ठेवू नका, आणि टाकतानाच शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तेव्हाचा बेत असा होता: पहिल्या शनिवारी बॅकअप घ्यायचा आणि तो मित्राकडे उघडून बघायचा. रविवारी कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवायचं. पुढच्या शनिवारी विंडोज किंवा उबुंटू, जे काही ठरलं असेल ते टाकायचं. २८ फेब्रुवारी २०१०ला होळीची पुरणपोळी खायची. दुसऱ्या दिवशी रंग खेळायला जाताना पीसी चालू ठेवून जायचं. दोन तासांनी भिजून परत आल्यावर तो चालूच असणार होता.